पाण्यातला हायड्रोजन, साधे धातू आणि युरियाची गोणी

– विस्तार अधिकारी (कृषी), पंचायत समिती

खरिपाच्या तोंडावरची गोष्ट. पंचायत समितीच्या आवारात आमच्या भागातले एक बागायतदार भेटले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी मला थांबवून विचारले, "साहेब, पाण्यापासून हायड्रोजन करत्यात अन् त्यावर इंजिन चालतंय म्हणं. खरं हाय का ओ?"

हातात परमिटच्या बियाण्याची यादी, बाहेर माणसांची गर्दी. मी घाईघाईत म्हणालो, "हायड्रोजन जळतो खरा, तात्या. तेव्हा चालतही असेल." आणि पुढे गेलो.

पंधरा दिवसांनी कळले की माझ्या त्या अर्ध्या वाक्यावर तात्यांनी वीस हजार रुपये मोजून डिझेल इंजिनाला जोडायचा एक डबा घेतला. डब्यात पाणी भरायचे, पांढरी पूड टाकायची, इंजिनाच्या डायनामोची वीज डब्यात सोडायची. निघणारा वायू इंजिनात जाईल आणि डिझेल निम्मे लागेल, असे विकणाऱ्याने सांगितले होते. डब्यात म्हणे परदेशात शोध लागलेला 'स्वस्त उत्प्रेरक' होता.

मी तात्यांच्या विहिरीवर गेलो. मापाने एक लिटर डिझेल घालून डबा जोडून इंजिन चालवले. मग तेवढेच डिझेल घालून डबा काढून चालवले. घड्याळ लावून बघितले, तर दोन्ही वेळा इंजिन जवळजवळ सारखेच चालले. विकणाऱ्याचा फोन बंद. तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुमी व्हय म्हणलासा, म्हणून घेतलं."

ते वाक्य मला लागले. म्हणून या विषयाची नीट माहिती घेतली. कारण गंमत अशी की पाण्यातून हायड्रोजन काढणे खरे आहे, स्वस्त उत्प्रेरकाचे संशोधनही खरे आहे, आणि त्याचा आपल्या खताच्या गोणीशी अगदी जवळचा संबंध आहे. खोटा होता तो फक्त डबा. खरे कुठे संपते आणि खोटे कुठे सुरू होते, हे शेतकरी बंधूंना व गावकारभाऱ्यांना कळावे, यासाठी हा लेख.

गोणीत हायड्रोजन कुठून आला?

युरियात ४६ टक्के नत्र असते, हे आपल्याला पाठ आहे. हे नत्र येते हवेतून. हवेत नत्रवायू भरपूर, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. त्याची हायड्रोजनशी सांगड घालून अमोनिया करावा लागतो. अमोनियापासून युरिया, डीएपी, सुफलासारखी संयुक्त खते तयार होतात. म्हणजे नत्र फुकटचे, खरा खर्च हायड्रोजनचा.

आज आपल्या देशात हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही युरिया वायूपासूनच होतो. या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. तिकडे भाव भडकले की इकडे सरकारचे अनुदान फुगते. २०२२-२३ या एका वर्षात देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या वर गेले होते. आपल्याला गोणी त्याच भावात मिळाली, म्हणून ते जाणवले नाही, एवढेच.

शिवाय वायूपासून हायड्रोजन काढताना कर्बवायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो. पाण्यापासून काढला तर मागे राहतो तो नुसता प्राणवायू. पाण्यात दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग प्राणवायू असतो. पाण्यात विजेच्या दोन पट्ट्या सोडल्या की ऋण पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि धन पट्टीवर प्राणवायूचे. याला विद्युत अपघटन म्हणतात. ही वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल, तर त्या हायड्रोजनला 'हरित हायड्रोजन' म्हणायची पद्धत आहे.

हे पूर्वीही झालेले आहे

ही कालपरवाची गोष्ट नाही. विजेने पाण्याचे विघटन इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली करून दाखवले. नॉर्वेत र्युकान येथे १९२९ सालापासून धबधब्याच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून अमोनिया तयार होऊ लागला.

आपल्या देशातही हे झाले. पंजाबात भाक्रा धरणाच्या विजेवर नांगल येथे १९६१ साली खत कारखाना सुरू झाला. तिथे पाण्यापासून हायड्रोजन काढून नत्रखत तयार होत असे. त्याच हायड्रोजनच्या आधारे १९६२ साली तिथे देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्पही सुरू झाला. पुढे विजेची मागणी सगळीकडून वाढली, तेल व वायू स्वस्त पडू लागले आणि खत कारखाने तिकडे वळले.

तेव्हा पाण्यातून खत होते का, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो परवडण्याचा. आणि परवडण्याच्या दोन चाव्या आहेत. एक विजेचा भाव, दुसरी पट्टीवरचा उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे काय?

सोयरीक जुळवणारा मध्यस्थ आपण पाहतो. तो दोन्हीकडची मंडळी बसवतो, बोलणी सोपी करतो, लग्न लागले की पुढच्या घरी जातो. लग्नात तो स्वतः गुंतत नाही. उत्प्रेरक तसाच. रासायनिक क्रिया घडवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही.

दुसरा दाखला घाटाचा. बैलगाडी घाट चढून पलीकडच्या गावाला जाते. डोंगरात बोगदा काढला की चढ वाचतो. पण पलीकडचे गावच मुळात उंचावर असेल, तर तेवढी चढण बोगद्यानेही चुकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तात्यांच्या डब्याचा निकाल याच मुद्द्यावर लागणार आहे.

पाण्याच्या विघटनाला कागदावर किमान १.२३ व्होल्ट दाब लागतो. प्रत्यक्ष यंत्रात मात्र १.८ ते २ व्होल्टपर्यंत द्यावा लागतो. मधला फरक म्हणजे घाटातला जादा चढ. पट्टीवर चांगला उत्प्रेरक असेल तर हा चढ कमी होतो. व्होल्टचा एक दशांश जरी वाचला, तरी एक किलो हायड्रोजनमागे अडीच युनिटांपेक्षा जास्त वीज वाचते.

महाग धातू, साधे धातू

आज पाण्यापासून हायड्रोजन काढायची कारखान्यांत चालणारी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार जुना, अल्कधर्मी पद्धतीचा. यात पाण्यात दाहक पोटॅश मिसळतात आणि पट्ट्या निकेलच्या किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. धातू साधे आहेत आणि यंत्र टिकाऊ असते. पण ते आकाराने मोठे होते आणि ढग आले, ऊन पडले अशा कमीजास्त होणाऱ्या सौर विजेशी जुळवून घेताना अडखळते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या पद्धतीचे यंत्र देशातच विकसित केलेले आहे.

दुसरा प्रकार पातळ पडद्याचा. यंत्र आटोपशीर, सौर विजेशी पटकन जुळते. पण त्यातले वातावरण आम्लधर्मी असते. त्यात साधे धातू विरघळून जातात. म्हणून ऋण पट्टीला प्लॅटिनम आणि धन पट्टीला इरिडियम वापरावे लागते. इरिडियम हा सोन्याच्या पंगतीत बसणारा धातू. साऱ्या जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो, तोही प्लॅटिनमच्या खाणीतून जोडीला, आणि मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. मोठ्या प्रमाणावर ही यंत्रे बसवायची म्हटली, तर पैसा असूनही धातू पुरणार नाही. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ लोखंड, निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, मँगनीज अशा साध्या धातूंच्या मागे लागले आहेत.

आता एक तिसरी पद्धतही पुढे येत आहे. त्यात पातळ पडदा असतो, पण वातावरण अल्कधर्मी ठेवतात. त्यामुळे निकेल आणि लोखंडावर भागते. तिथला पडदा किती वर्षे टिकतो, हीच सध्याची अडचण आहे.

महागाचे काम साध्या धातूने केल्याचा दाखला खताच्याच इतिहासात आहे. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतल्या नत्राचा अमोनिया करून दाखवला, तेव्हा त्यांनी ऑस्मियम हा अतिशय दुर्मिळ धातू वापरला होता. त्यावर जगाची खताची गरज भागणे शक्य नव्हते. मग आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेतल्या. अखेर उपयोगी पडले ते साधे लोखंड, त्यात थोडे ॲल्युमिनियम व पोटॅशचे मिश्रण. १९१३ साली ओपाउ येथे कारखाना सुरू झाला. आजही अमोनियाचे बहुतेक कारखाने लोखंडाच्याच उत्प्रेरकावर चालतात. आपल्या शेतात पडणारी युरियाची गोणी स्वस्त झाली, त्यात या लोखंडाचा वाटा मोठा आहे.

पाण्याच्या बाबतीत तशाच गोष्टी घडत आहेत. १९८७ साली अमेरिकेत डेनिस कॉरिगन यांच्या लक्षात आले की निकेलच्या पट्टीत लोखंडाचा नुसता अंश आला, तरी प्राणवायू सुटण्याची क्रिया कितीतरी सोपी होते. पुढे २०१४ साली ओरेगॉन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पक्के दाखवून दिले की ज्याला आपण निकेलचा गुण समजत होतो, तो बराचसा पोटॅशच्या पाण्यातून नकळत आलेल्या लोखंडाचा होता. म्हणजे कचरा समजून ज्याला गाळून काढायचे, तोच कामाचा गडी निघाला. आता निकेल-लोखंडाची जोडी अल्कधर्मी पाण्यात धन पट्टीसाठी सगळ्यात चांगल्या साध्या उत्प्रेरकांत गणली जाते.

ऋण पट्टीसाठी मॉलिब्डेनम आणि गंधकाचे संयुग पुढे आले. २००५ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी गणिताने सांगितले की हे संयुग हायड्रोजन काढायच्या कामाला येईल, आणि प्रयोगाने ते खरे ठरले. हे काही परके रसायन नाही. ट्रॅक्टरला जे काळे मोली ग्रीस भरतो, त्यात हेच असते.

पिकाला हे आधीच ठाऊक

कृषी पदविकेला असताना आम्ही सूक्ष्म अन्नद्रव्यांची यादी घोकली होती. लोह, मंगल म्हणजे मँगनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, आणि पुढे निकेल. शास्त्रज्ञांची वरची यादी वाचली आणि वाटले, अरे, ही तर बरीचशी आपल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुडीवरचीच नावे!

हा योगायोग नाही. हिरवे पान दिवसभर सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करते. प्राणवायू हवेत सोडते आणि हायड्रोजनचा भाग साखर तयार करायला वापरते. हे काम पानात मँगनीज आणि कॅल्शियमचा एक बारीकसा गट करतो. तिथे ना प्लॅटिनम, ना इरिडियम.

हरभरा, भुईमूग, सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी बघा. त्या गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात. कारखान्यात जे काम चारशे-पाचशे अंश उष्णतेला आणि प्रचंड दाबाखाली चालते, ते गाठीत जमिनीच्या साध्या उष्णतेला चालते. त्यासाठी जिवाणू लोह आणि मॉलिब्डेनम वापरतात, आणि हे करताना थोडा हायड्रोजनही सुटतो. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांना मॉलिब्डेनमची वाट अशा जिवाणूंच्या अभ्यासातूनच सुचली. म्हणून हरभऱ्याच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक लावा, असे आम्ही कानीकपाळी सांगतो, ते उगाच नव्हे. खत कारखान्याचा सगळ्यात स्वस्त उत्प्रेरक पाकिटात मिळतो, पण तेवढाच घरी विसरून पेरणी उरकली जाते.

मग अडले कुठे?

एखादा वाण संशोधन केंद्रावर कुंडीत चांगला उतरला, म्हणून तो लगेच शंभर एकरावर उतरत नाही. उत्प्रेरकाचेही तसेच. प्रयोगशाळेत बहुधा चौरस सेंटिमीटरला १० मिलिॲम्पिअर एवढ्या छोट्या प्रवाहावर चाचणी घेतात. कारखान्यात अल्कधर्मी यंत्र २०० ते ४०० मिलिॲम्पिअरवर चालते, पातळ पडद्याचे १,००० च्याही पुढे. प्रयोगशाळेतली चाचणी काही तासांची किंवा काही दिवसांची, कारखान्यातले यंत्र मात्र हजारो तास चालले पाहिजे. त्यात सौर वीज रोज संध्याकाळी बंद पडते, सकाळी सुरू होते. या चालू-बंदमध्ये पट्टीवरचा थर सुटतो, गंजतो.

२००८ साली अमेरिकेतील एमआयटीचे डॅनियल नोसेरा आणि मॅथ्यू कॅनन यांनी कोबाल्ट व फॉस्फेटचा एक उत्प्रेरक शोधला. साध्या, ना आम्ल ना अल्क अशा पाण्यात तो चालतो आणि झिजला तर आपोआप भरून येतो. जगभर गाजावाजा झाला. आता प्रत्येक घर पाण्यावर चालणार, असे लोक बोलू लागले. शोध खरा आणि मोलाचा होता. पण त्यावर निघालेली कंपनी पुढे दुसऱ्याच कामाकडे वळली आणि २०१४ साली विकली गेली. शोध लागणे आणि माल बाजारात येणे यांत अशी बरीच वाट असते.

हिशेब गोणीचा

आता आपल्या भाषेत हिशेब मांडू. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली. तिची किंमत २४२ रुपये ठरली, कडुनिंबाचा लेप आणि कर वेगळे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १० किलो युरियाला १ किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे एका गोणीला साडेचार किलो.

एक किलो हायड्रोजनला पाणी लागते ९ लिटर. म्हणजे गोणीला सुमारे ४० लिटर शुद्ध पाणी. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणे धरले तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. पाणी तसे फार नाही.

वीज मात्र किलोला ५० ते ५५ युनिट. म्हणजे गोणीला २२५ ते २५० युनिट. आपली पाच एचपीची मोटार साठ तास चालवायला जेवढी वीज लागेल, साधारण तेवढी. ही वीज तीन रुपये युनिटने मिळाली असे धरले, तरी नुसत्या हायड्रोजनच्या विजेचे सातशे रुपये होतात. गोणी आपल्याला मिळते तीनशेच्या आत. मधली दरी केवढी, ते बघा.

चांगल्या साध्या उत्प्रेरकाने यात काय फरक पडेल? यंत्रातला महाग धातू जाईल, म्हणून यंत्राची किंमत उतरेल. विजेत किलोला पाच-सात युनिट वाचले, तरी ते मोठे यश. पण ५० चे १० युनिट कुणीच करू शकणार नाही. म्हणून उत्प्रेरक आणि स्वस्त सौर वीज या दोन्ही बैलांनी मिळून गाडी ओढायची आहे. एकट्याचे काम नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. युरिया करायला अमोनियाबरोबर कर्बवायूही लागतो. वायूवरच्या कारखान्यात तो आपोआप मिळतो, पाण्यापासून हायड्रोजन काढला तर तो दुसरीकडून आणावा लागतो. डीएपी आणि संयुक्त खतांना ही अडचण नाही, त्यांना नुसता अमोनिया चालतो. म्हणून हरित अमोनियाची सुरुवात तिथून होत आहे. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य आहे. त्याअंतर्गत २०२५ साली देशातल्या १३ खत कारखान्यांसाठी वर्षाला ७ लाख २४ हजार टन हरित अमोनिया घेण्याचे लिलाव झाले. ओडिशातल्या पारादीपच्या कारखान्यासाठीच्या पहिल्या लिलावात किलोला ५५ रुपये ७५ पैसे असा भाव निघाला. ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत सुमारे ११ किलो अमोनिया लागतो. त्यावरून गोणीचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आपल्या राज्यानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले आहे.

डबा खोटा का?

आता तात्यांचा डबा. एक किलो हायड्रोजन जळाला की ३९ युनिटांएवढी उष्णता देतो. म्हणजे पाण्यातून तो काढताना किमान तेवढी ऊर्जा घालावीच लागते. पलीकडचे गाव उंचावर आहे, ते हेच. उत्प्रेरक हा जादा चढ वाचवतो, मूळ चढण नाही.

डब्याला वीज मिळत होती इंजिनाच्याच डायनामोकडून. डायनामो फिरायला डिझेल जळते. डिझेलच्या उष्णतेतला एक तृतीयांशही भाग धड कामाला येत नाही. त्याची वीज करताना गळती, विजेचा वायू करताना गळती, वायू इंजिनात जाळताना पुन्हा गळती. फुटक्या पाटाने विहिरीचे पाणी काढून पुन्हा विहिरीतच सोडले, तर विहीर भरेल का? तसेच हे.

असे प्रकार नवे नाहीत. १९९६ साली तामिळनाडूत पाण्यात वनस्पती टाकून पेट्रोल करून दाखवल्याचा दावा देशभर गाजला होता. तपासण्या झाल्या, खटला चालला आणि २०१६ साली न्यायालयाने शिक्षा सुनावली. तोवर कित्येकांचे पैसे अडकले होते.

शिवाय अशा डब्यात हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र साठतात. हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर तो पेट घेतो. त्याला वास नाही, उजेडात ज्योतही नीट दिसत नाही. पोटॅशच्या पाण्याने कातडी भाजते, डोळा गेला तर परत येत नाही. तेव्हा शेडमध्ये, गोठ्यात असले प्रयोग करू नयेत.

गावाने काय विचारावे?

येत्या काळात सौर प्रकल्प, हरित हायड्रोजन, हरित अमोनिया अशी नावे घेऊन माणसे गावात येतील. सगळीच खोटी नसतील. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शेतकरी बंधूंनी पुढील प्रश्न जरूर विचारावेत.

१) वीज कुठून येणार? उत्तर मिळाले नाही, तर बोलणे तिथेच थांबवावे. 'विजेशिवाय' किंवा 'नाममात्र विजेवर' म्हणणारा फसवतो आहे.

२) किलोला किती युनिट? ५० च्या आसपास सांगितले तर माणूस हिशेबातला. ३९ च्या खाली सांगितले, तर बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कुठून येणार ते दाखवावे लागेल.

३) पाणी कुठले? वर्षाला १ लाख टन हायड्रोजन काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला २० ते ३० लाख घनमीटर पाणी लागू शकते. धरणाच्या हिशेबात हे टीएमसीच्या दहाव्या भागाएवढे. नदीकाठी ते जाणवणार नाही, टँकरवर जगणाऱ्या गावाला मात्र जाणवेल. विंधन विहिरीतून उचलणार का, ते लेखी घ्यावे.

४) शुद्धीकरणानंतर उरलेले खारे पाणी कुठे सोडणार? ओढ्यात सोडणार असतील तर खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनीचे काय?

५) यंत्र कोणत्या पद्धतीचे, पट्ट्या कोणत्या धातूच्या, किती तासांची हमी? 'गुप्त धातू' हे उत्तर नव्हे.

६) जमीन भाड्याने देताना मुदत, भाडेवाढ आणि मुदत संपल्यावर जमीन पूर्ववत करून देण्याची अट करारात आहे का? ठराव ग्रामसभेत वाचून दाखवावा. नुसत्या सह्या घेऊ नयेत.

मुलांसाठी एक प्रयोग

शाळेत गुरुजींनी हा प्रयोग जरूर करून दाखवावा. काचेच्या उघड्या भांड्यात पाणी घेऊन चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून ९ व्होल्टच्या बॅटरीला तारेने जोडाव्यात आणि शिसाची टोके पाण्यात बुडवावीत. ऋण बाजूला बुडबुडे जास्त येतात, तो हायड्रोजन. आता ऋण बाजूची पेन्सिल काढून स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा लावावा. बॅटरी तीच, पाणी तेच, पण बुडबुडे वाढलेले दिसतील. धातू बदलल्याने काय होते, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. मीठ मात्र टाकू नये, क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. भांडे झाकू नये, जवळ काडी ओढू नये.

शेवटी

स्वस्त उत्प्रेरकाचे काम जगभर नेटाने चालू आहे आणि ते शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे. शंभर वर्षांपूर्वी ऑस्मियमची जागा लोखंडाने घेतली, तशी उद्या इरिडियमची जागा निकेल-लोखंडाने घेतली, तर आपल्या खताची दोरी परदेशी वायूच्या हातातून थोडी सुटेल. पण ते कारखान्यात होईल, विहिरीवरच्या डब्यात नाही.

तोवर हातातले काम हातात आहे. माती परीक्षण करून युरियाचा हप्ता ठरवावा, तो विभागून द्यावा, द्विदल पिकाला जिवाणू संवर्धक लावावे. वाचलेली प्रत्येक गोणी म्हणजे वाचलेला साडेचार किलो हायड्रोजन.

तात्यांचे वीस हजार परत आलेले नाहीत. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, ग्राहक आयोगाचा अर्ज मी स्वतः लिहून दिला. परवा त्यांच्याच गावात एकजण पाण्यावर चालणाऱ्या शेगडीची जाहिरात करायला आला होता. पारावर माणसे जमली होती. तात्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "वीज कुठनं घेतूस बाबा? अन् किलोला किती युनिट?" तो माणूस चहा न घेता गेला म्हणतात.

शेतकरी बंधूंनो, अशी कोणतीही वस्तू घेण्याआधी आपल्या गावच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. आणि उत्तर देणारा माझ्यासारखा घाईत असेल, तर त्याला खाली बसवून विचारा.